मदत हवी आहे : तेरा वर्षांचा भाचा दुकानात, भाऊ शरियत पुढे करतो

नमस्कार मंडळी. घरचा विषय आहे म्हणून नवीन आयडी काढलाय.

भाऊ नागपुरात गिट्टीखदानला राहतो. परांचीवरून पडला तेव्हापासून त्याचं काम सुटल्यासारखंच आहे. मुलगा तेरा वर्षांचा, सातवी पास. उन्हाळ्यात मोमिनपुऱ्यात आमच्या चुलतभावाच्या कापड दुकानात "जरा मदतीला" लावला. जूनअखेर शाळा उघडल्या, पोट्टा काही परतला नाही. सकाळी दहा ते रात्री नऊ. ईदला घरी आला होता. माझी ओढणी खाली पडली, ती उचलून त्याने हातावर मोजत मोजत घडी घातली, गिऱ्हाईक समोर असल्यासारखी. मला बोलवेना.

वहिनीकडून नंतर कळलं की भावाने वीस हजार उचल घेतलीय आणि ती पोराच्या पगारातून कटते.

भाऊ म्हणतो, "घरचंच दुकान आहे, कायद्याला चालतं. आपल्यात बाप वली, म्हणजे पालक असतो, पोराला कामाला लावायचा हक्क त्याचा. पंधराव्या वर्षी तर बालिग, म्हणजे वयात आलेलाच धरतात."

हे खरं आहे का? तक्रार केली तर भाऊच आत जाईल, ही भीती वेगळी.

प्रतिसाद १
ताई, १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्यांना मदतीची सूट आहे, पण त्यात आईबाप, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी एवढेच. बापाचा चुलतभाऊ नाही. सख्ख्या काकाचं दुकान असतं तरी शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी सातनंतर चाललं नसतं. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. आईबापांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, तेव्हा भावाची काळजी सोडा. उचलीचं मात्र हलक्यात घेऊ नका, प्रकरण १९७६ च्या वेठबिगारी कायद्यात जाऊ शकतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. शाळेत वयानुसार वर्गात बसवावंच लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही.

प्रतिसाद २
आपा, भाऊ अर्धं बरोबर बोलतो. कमावण्याजोग्या मुलाला बापाने कामाला लावायला हनफी फिकहमध्ये, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मकायद्यात वाव आहे. पण पंधराचा आधार काय? पैगंबरांनी आपले साथी इब्ने उमर यांना चौदाचे असताना उहुदच्या लढाईला घेतलं नाही, पंधराव्या वर्षी खंदकच्या लढाईला घेतलं. पोरगा तेराचा आहे, म्हणजे भावाचा मुद्दा भावालाच लागतो. इमाम मालिकांच्या मुवत्ता या हदीससंग्रहात तिसरे खलिफा हजरत उस्मानांचा खुतबा, म्हणजे प्रवचन आहे : लहानग्यांवर कमाईचा भार टाकू नका, टाकलात तर ते चोरी करतील. शिवाय मुलाची कमाई मुलाची. वली ती सांभाळतो, त्याच्यावरच खर्चतो. स्वतःचं कर्ज त्यातून फेडायला ती बापाची नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उस्मानांचा खुतबा मला माहीतच नव्हता. जुम्म्यानंतर भावाकडे जाते, १०९८ सध्या हाताशी ठेवते. पुढच्या महिन्यात माझी भिशी लागतेय, त्यातून उचलीचा हिशेब मिटवायचा विचार आहे. पण पोरगा इतके महिने राबला त्याची मजुरी त्यातून वळती व्हायला नको का? चुलतभावाकडून काय लिहून घेऊ?