हेड गॅस्केट गेलंय का?

प्रश्न: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, बाहेर गळती नाही. सकाळी पांढरा धूर येतो. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडून गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) बघावं का?

उत्तर १: थंड इंजिनाचा सुरुवातीचा धूर बहुधा वाफच. गरम झाल्यावरही धूर, गोडसर वास आणि रेडिएटरात बुडबुडे असतील तर शंका खरी. आधी प्रेशर टेस्ट (कूलंटच्या यंत्रणेत दाब देऊन गळती बघणं), मग कम्प्रेशन (सिलिंडरांतला दाब मोजणं). शेजारच्या दोन्ही सिलिंडरांत दाब कमी असेल तर त्यांच्यामधलं गॅस्केट बहुधा फाटलंय. तोवर गाडी उभीच ठेवा; ऑइलात कूलंट मिसळलं की बेअरिंग जातात.

उत्तर २: हेड उघडल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा वाक तपासा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच इंजिनांत 0.05 ते 0.1 मिमी. ताणून बसणारे (एकदाच वापरायचे) बोल्ट नवेच घ्या. हेड परत बसवताना बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. बोल्टच्या भोकात ऑइल साचलं असेल तर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो.

उत्तर ३: शेवटी ऑइल आणि फिल्टरही बदला.