गलवान: आकडे का बदलले, गोळी का चालली नाही? वाचनालयातल्या चर्चेसाठी खात्रीचे मुद्दे हवेत

पूर्वभाग_वाचक
नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या वाचनालयात येत्या रविवारी संध्याकाळी चर्चा ठेवली आहे. सीमेवर जवान मारले गेले की लोकांच्या मनात शंका येतात, त्या तपासायच्या कशा, असा विषय आहे आणि उदाहरण 15 जून 2020 ला लडाखच्या गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिकांत झालेल्या झटापटीचे घेतले आहे. चाळीस-पन्नास माणसे येतील. काही माजी सैनिक, काही कॉलेजची मुले, बाकी कारखान्यातून सुटून येणारी मंडळी.

ग्रुपवर आत्तापासूनच जुंपली आहे. मुद्दे साधारण असे: दुपारी 3 मृत सांगितले आणि रात्री 20, म्हणजे लपवत होते. ‘कोणी बेपत्ता नाही’ म्हणाले, मग दहा जण परत कुठून आले? जवानांना बंदुका दिल्याच नव्हत्या. आणि ‘कोणी घुसलेच नाही’ तर मग मारामारी कुठे झाली? एक बाजू म्हणते सगळे खोटे, दुसरी म्हणते शंका घेणेच देशद्रोह. मला दोन्हींच्या मधला, कागदावर टिकणारा मजकूर हवा आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

नोंदवही
चांगला विषय घेतलात. पहिले काम करा: मोठ्या कार्डशीटवर तारीख आणि वेळ, कोण बोलले, नेमके शब्द, असे तीन रकाने आखा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात, कारण बहुतेकांना वाक्य आठवत नसते, वाक्यावर झालेली चर्चा आठवत असते.

3 आणि 20 चे घ्या. 16 जूनला दुपारी लष्कराने एक अधिकारी आणि दोन जवान गेल्याचे सांगितले. त्याच रात्री दुसरे निवेदन आले: झटापटीच्या जागी गंभीर जखमी झालेले आणि त्या उंचीवर शून्याखालच्या तापमानात राहिलेले 17 जवान मृत्युमुखी पडले, एकूण 20. ती जागा साधारण 14 हजार फुटांवर आहे. अरुंद खोरे, गोठवणारी नदी, काळोख. पाण्यात पडलेला, डोक्याला मार लागलेला माणूस तिथे काही तासांत जातो. शिवाय नाव जाहीर करण्याआधी घरच्यांना कळवावे लागते. म्हणून आकडा वाढला एवढ्यावरून लपवाछपवी सिद्ध होत नाही. मात्र दुपारच्या निवेदनात ‘आणखी जवान गंभीर जखमी आहेत’ हे एक वाक्य असते, तर रात्रीचा धक्का आणि त्यातून उगवलेला संशय बराच कमी झाला असता. ही टीका रास्त आहे आणि ती चर्चेत जरूर करावी.

इथेच एक शब्द नीट समजावून सांगा: ‘कॅज्युअल्टी’. लष्करी भाषेत त्यात मृत, जखमी, बेपत्ता, पकडले गेलेले असे सगळे धरतात. आपल्याकडे घाईत त्याचे भाषांतर ‘ठार’ होते. मग एका बातमीत 20 ठार, दुसरीत त्याहून मोठा आकडा, आणि लोक म्हणतात बघा, खरा आकडा बाहेर आला. मूळ इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून मराठीच्या शेजारी ठेवा.

‘बेपत्ता’चेही तसेच. ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’ म्हणजे ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही असा. समोरच्याच्या ताब्यात आहे हे माहीत असलेला जवान त्या अर्थाने बेपत्ता ठरत नाही. 18 जूनला कोणी बेपत्ता नसल्याचा खुलासा झाला, आणि त्याच संध्याकाळी चार अधिकाऱ्यांसह दहा जण परत आल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी छापून आल्या. चीनने तर कोणाला पकडलेच नाही असे सांगितले. शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा होता, पण घरी वाट पाहणाऱ्या आईला त्यातून काहीच कळत नव्हते. बोलणी चालू असताना गप्प राहावे लागते, हे मान्य. माणसे परत आल्यावर तरी सरळ सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातरस्ता_७१
बंदुका नव्हत्या हे चूक. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी 18 जूनलाच सांगितले होते की सीमेवरचे सगळे जवान शस्त्र बाळगतात, चौकीतून बाहेर पडतानाही, आणि 15 जूनलाही त्यांच्याकडे शस्त्रे होती. ती वापरली नाहीत त्याचे कारण करार.

29 नोव्हेंबर 1996 च्या भारत-चीन कराराचे सहावे कलम काढून ठेवा. प्रत्यक्ष ताबा रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणी गोळीबार करायचा नाही, स्फोट करायचे नाहीत, बंदुकीने शिकारही करायची नाही. त्याच कलमात पुढे आहे की दोन्ही तुकड्या समोरासमोर आल्या तर संयम ठेवावा. 2005 च्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे पूरक करारात, तेच तपशिलाने आले. यात अडचण अशी की करार गोळीबद्दल बोलतो. दगड, दांडके, खिळे ठोकलेल्या सळया यांचा विचार त्यात नाही, आणि नेमकी तीच फट वापरली गेली. माजी सैनिक ‘जिवावर बेतले तर करार कसला’ असे विचारतील. प्रश्न योग्यच आहे, तो टाळू नका. गलवाननंतर कमांडरांना मोकळीक दिल्याच्या बातम्या आल्या, आणि सप्टेंबर 2020 मध्ये लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला हवेत गोळ्या झाडल्या गेल्या. 1975 मध्ये अरुणाचलच्या तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान गेले, त्यानंतर त्या रेषेवर गोळी चालण्याची ही पहिलीच वेळ.

पूर्वभाग_वाचक
सातरस्ता सर, मोठी मदत झाली. आता ‘कोणी घुसलेच नाही’चे काय? सगळ्यात जास्त गरम तोच मुद्दा होणार.

नोंदवही
तो क्रमानेच मांडा. 19 जूनला सर्वपक्षीय बैठकीत पंतप्रधान म्हणाले की आपल्या हद्दीत कोणी घुसलेले नाही, आपली कोणतीही चौकी कोणाच्या ताब्यात नाही. 20 जूनला त्यांच्या कार्यालयाचा खुलासा आला की हे वाक्य जवानांच्या शौर्यानंतरच्या परिस्थितीबद्दल होते. पुढे ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एक टिपण आले. त्यात कुगरांग नाला, गोगरा आणि पँगाँगचा उत्तर किनारा इथे 17-18 मे रोजी चिनी बाजूने अतिक्रमण झाल्याचे लिहिले होते. बातमी झाल्यावर ते टिपण तिथून काढले गेले. लोकांचा विश्वास उडतो तो इथे. तीन कागद शेजारी शेजारी लावा, वर शेरा लिहू नका, लोक स्वतः वाचतील.

आणि हा एका सरकारचा दोष म्हणून मांडू नका, नाहीतर सभा पक्षांत वाटली जाईल. ऑगस्ट 2013 ला पूंछमध्ये पाच जवान मारले गेले. जम्मूहून आलेल्या पत्रकात हल्लेखोरांत पाकिस्तानी लष्कराचे सैनिक असल्याचे होते. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत ‘दहशतवादी आणि पाकिस्तानी लष्कराच्या गणवेशातील माणसे’ असे म्हटले. गदारोळ झाला, आणि 8 ऑगस्टला त्यांनी पाकिस्तानी लष्कराच्या विशेष तुकडीचा हात असल्याचे सांगितले. ‘गणवेशातील माणसे’ आणि ‘सैनिक’ यांत किती अंतर आहे ते मुलांना फळ्यावर लिहून दाखवा.

चीनची बाजूही घ्या. त्यांनी चार मृत्यू मान्य केले ते 19 फेब्रुवारी 2021 ला, म्हणजे आठ महिन्यांनी. त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला तिथे आठ महिन्यांची कैद झाली. शंका घेणे म्हणजे देशद्रोह म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगा.

फ्रेमवाला
त्या दिवशी कोणीतरी मोबाइल पुढे करून व्हिडिओ दाखवणारच, त्याची तयारी ठेवा. मागे पसरलेले निळे पाणी दिसले तर ते गलवान नव्हे. पँगाँगच्या काठावर 15 ऑगस्ट 2017 ला दगडफेक झाली होती, तिचे दृश्य आजही फिरते. गलवानला राखाडी डोंगरांच्या मधोमध अरुंद, उथळ नदी आहे.

व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. वर चिकटवलेली अक्षरे आणि लोगो कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांवरच भरकटतो. मग गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून मूळ शोधणाऱ्या दोन्ही साधनांत टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फायलीत मूळ तारीख राहत नाही, त्यामुळे फाइलची तारीख हा पुरावा म्हणून चालत नाही. दुहेरी बाण असलेला मजकूर पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. पाठवणाऱ्याला ‘तुला कोणी दिला’ विचारून मूळ सापडत नाही, तिथे वेळ घालवू नका.

दहारुपये_अर्ज
शंका आली तर नागरिकाने करायचे काय, हेही सांगा ना. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बीएसएफ, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), आसाम रायफल्स ही दले आहेत, त्यांना कायदा बहुतांशी लागू नाही. भूदल त्या यादीत नाही. म्हणजे लष्कराकडे अर्ज करता येतो, फक्त कलम 8(1)(अ) खाली सुरक्षेचे कारण देऊन नकार मिळू शकतो. वीस वर्षांनी बरीच बंधने सुटतात, पण हे कलम तेव्हाही सुटत नाही.

केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर 10 रुपये भरून अर्ज होतो. 3000 अक्षरांत बसवा. अर्ज हमखास पडतो तो ‘का’ विचारल्यामुळे. ‘गोळीबार का केला नाही?’ याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कारण कायदा असलेला कागद देतो, मत देत नाही. त्याऐवजी ‘16 जून 2020 रोजी प्रसिद्धीस दिलेल्या सर्व निवेदनांच्या प्रती, वेळेसह’ असे मागा. कलम 10 चा उल्लेख करा, म्हणजे गोपनीय भाग काळा करून उरलेला देता येतो. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, त्या निकालानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

याहून सोपा रस्ता म्हणजे खासदारांकडून लेखी प्रश्न. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि वर्ष टाकून जुनी उत्तरे आधी शोधा, निम्मे प्रश्न विचारून झालेले असतात. राजनाथ सिंह यांचे 15 सप्टेंबर 2020 चे लोकसभेतले निवेदन तिथेच मिळेल. लडाखमधील सुमारे 38 हजार चौरस किलोमीटर चीनच्या बेकायदा ताब्यात असल्याचा आकडा त्यात आहे. तो 1962 पासूनचा आहे, 2020 चा नाही. सभेत हा गोंधळ नक्की होईल.

मागणी करायचीच असेल तर कारगिलसारख्या आढाव्याची करा. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती युद्ध संपताच जुलै 1999 मध्ये नेमली, आणि अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेपुढे आला. काही पाने गाळून का होईना, पण आला. गलवाननंतर तसे काही जाहीर झाले नाही.

पूर्वभाग_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डशीट आज रात्री लिहायला घेतो. नोंदवही सरांच्या तीन रकान्यांत ‘नंतर बदलले का, कधी’ हा चौथा जोडतोय.

सातरस्ता_७१
जोडा. आणि जवानांच्या घरचे कोणी येणार असतील तर झटापटीचा एकही व्हिडिओ पडद्यावर लावू नका. 1996 च्या कलमाच्या पन्नास प्रती काढा, एका पानात बसते.