जुन्या थ्री नॉट थ्रीची मॅच कोल्हापुरात का नको?

पेठेतला जुना कॅडेट: मंडळी, परवा अमेरिकेतल्या गॅरंड मॅचचे व्हिडिओ बघत बसलो आणि रात्रीचा दीड वाजला. दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरंड रायफल, दुर्बीण नाही काही नाही, आणि 200 यार्डावर आजोबा नि नातू शेजारी पोटावर पडून नेम धरतायत. रॅपिडला, म्हणजे झटपट फेरीला, 80 सेकंदात 10 गोळ्या, पहिली क्लिप (गोळ्या धरणारा पत्र्याचा चिमटा) 2 ची, मग 8 ची, आणि शेवटची उडाली की क्लिप टिंग करून बाहेर. मला आमचा एनसीसी कॅम्प आठवला. थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे जुन्या .303 रायफलीच्या पाच गोळ्या मिळायच्या, उस्ताद ओरडायचे बट (रायफलीचा मागचा दांडा) खांद्यात दाब, मी दाबला न्हाई आणि आठवडाभर खांदा जांभळा. नंतर पुलथ्रूला, म्हणजे साफसफाईच्या दोरीला, चिंदी बांधून ती नळीतनं ओढायची, तो तेलाचा वास अजून नाकात हाय. यूपी पोलिसांनी 2020 च्या 26 जानेवारीला ही रायफल निवृत्त केली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात वर्षातनं एक दिवस अशी मॅच झाली तर बिघडतंय काय?

दुधाळी शूटर: काका, बिघडतंय की. .303 प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे नळीचं हे माप सामान्य लोकांना बंद, त्याचं लायसन कलेक्टर देत नाही, थेट दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा विषय. आणि झाडणार कुठं? आमची दुधाळीची 50 मीटरची रेंज .22 च्या बारक्या गोळीसाठी, ती पण गावातच. थ्री नॉट थ्रीची गोळी चुकली तर दोन-अडीच किलोमीटर जाते, मागं मातीचा बांध केवढा लागेल विचार करा.

गगनबावडेकर: मग .315 घ्या की भावा. इशापूरच्या कारखान्याची .315 रायफल म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच सांगाडा, तोच बोल्ट (गोळी आत ढकलणारा खटका), फक्त लष्कराची गोळी लोकांच्या हाती लागू नये म्हणून बोअर वेगळं. आमच्याकडं पीक राखायला आजोबांच्या नावची होती. वर्षभर कपाटात, आचारसंहिता लागली की पोलिस ठाण्यात जमा, एवढाच तिचा प्रवास.

शूटरची आई: मला एक सांगा, हा सगळा आटापिटा कुणासाठी? माझी मुलगी सकाळी सहाला रेंजवर असते, जॅकेट दुसऱ्या पोरीचं वापरलेलं घेतलंय, गोळ्या मोजून मिळतात. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला 451.4 गुण मारून ब्राँझ आणलं ते आधुनिक रायफलनं, आजोबांच्या नाही. पैसा आणि जागा असेल तर पोरांना द्या, हौस नंतर. राग मानू नका.

पेठेतला जुना कॅडेट: ताई, राग नाही, पण हौस म्हणून हिणवू नका. आपल्याकडं मर्दानी खेळाचे आखाडे हायत, दांडपट्टा आज कुठली लढाई जिंकून देतो? तरी पोरं फिरवतातच ना. जुनं हत्यार खेळात आलं की टिकतं, न्हाईतर भट्टीत जातं.

दुधाळी शूटर: दांडपट्टा अडीच किलोमीटर जात नाही काका 😀

गगनबावडेकर: 😂😂 ह्याला म्हणतात दहाचा शॉट

पेठेतला जुना कॅडेट: बरं, हरलो तिथं. पण मधला रस्ता बघा, एनसीसीत .22 च्या जुन्या रायफली असायच्या, ली-एनफिल्डच्याच, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच अंगाच्या, एकेक गोळी भरून बोल्ट पुढं ढकलायचा. त्या जर एखाद्या बटालियननं एका रविवारी त्यांच्याच देखरेखीखाली आणल्या, 50 मीटर, उघडी साईट, तर दुधाळीत होईल का नाही?

दुधाळी शूटर: परवानगी मिळाली तर रेंजच्या दृष्टीनं होईल. पण धक्का नाही बसणार खांद्याला, तुम्हाला तोच पाहिजे.

शूटरची आई: रविवारी चालेल. सकाळी नऊपर्यंत मुलींची प्रॅक्टिस असते, त्यानंतर या.