मदत हवी आहे : मधुमेह, आम्लपित्त आणि वजनाची शस्त्रक्रिया

नमस्कार. सोलापुरात राहणाऱ्या माझ्या वहिनींचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे मोजमाप) ३८ असून त्यांना टाइप २ मधुमेह आणि छातीत जळजळण्याचा जुना त्रास आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांमध्ये बीएमआय २७.५ च्या पुढे गेल्यास वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, त्यामुळे त्या पात्र आहेत याबद्दल शंका नाही. प्रश्न निवडीचा आहे.

स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा बहुतांश भाग कायमचा काढून टाकतात, परंतु त्यानंतर जळजळ वाढू शकते, तर जठराच्या बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) जळजळ बहुधा कमी होते आणि साखरही चांगली आटोक्यात येते, मात्र बी-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. वहिनी शुद्ध शाकाहारी असल्याने बी-१२ ची मला विशेष काळजी वाटते. तोंडावाटे दुर्बिणीने टाके घालून जठर लहान करण्याची नवी पद्धत आणि टिर्झेपेटाइड या वजन व साखर कमी करणाऱ्या औषधाची इंजेक्शनेही डॉक्टरांनी सुचवली आहेत. इंजेक्शन थांबवल्यावर वजन पुन्हा वाढते, असे वाचले.

ज्यांच्या घरी बायपास झाली आहे, त्यांनी नंतरच्या तपासण्या सोलापुरातच केल्या की पुण्याला जावे लागले? भाकरी, शेंगाचटणी किती दिवसांनी सोसली? विम्याचा दावा मंजूर होताना कोणती कागदपत्रे मागितली, हेही कृपया कळवावे.