ऐकत असतो तरी सगळे म्हणतात ‘तुझं लक्ष नाही’, काय करावं?

कोयनाकाठ
मंडळी, विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मूळचा कराडकडचा, नोकरी पुण्यात. बोलणं कमी. समोरचा बोलत असला की मी गप्प बसून पूर्ण ऐकतो, मधे तोंड घालत नाही, आणि मला तर हा गुणच वाटतो. पण सगळीकडे एकच तक्रार. आई रोज रात्री फोन करते, भावकीत कुणाचं लग्न ठरलं, ऊसतोड कधी येणार, शेजारच्या काकूंचा गुडघा, आणि दर थोड्या वेळाने “आरं हाईस का? का ठिवलास फोन?” बायको काही सांगत असली की माझी नजर खिडकीबाहेर असते कारण मला तसंच नीट ऐकू येतं, चेहऱ्याकडे बघत बसलो की उलट लक्ष उडतं. मग ती म्हणते, सांग मी आत्ता काय बोलले. मी शब्द न शब्द म्हणून दाखवतो. तर अजून चिडते!! आणि आता अप्रेझलमध्ये मॅनेजरने लिहिलंय की मीटिंगमध्ये ‘इंगेज्ड’ वाटत नाही.

यूट्यूबवर एक कोचसाहेब सांगत होते की संवादात शब्द फक्त 7 टक्के, बाकी 93 टक्के आवाज आणि देहबोली. खरंय का हे? आणि नाटक न करता काही करता येतं का? सारखी मान हलवत बसलं की नंदीबैल झाल्यासारखं वाटतं.

तिरकी_रेघ
पहिलं ते 93 टक्के डोक्यातून काढा. दर कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये ही स्लाईड असतेच असते आणि वैताग येतो. आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे, 1967 सालचे. त्यांनी लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले आणि विचारलं की या बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाही. म्हणजे शब्द एक सांगतोय, सूर दुसरंच सांगतोय, अशा वेळी लोक कशावर भरवसा ठेवतात एवढाच मुद्दा, आणि तोही फक्त भावनेपुरता. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. कोचसाहेबांना म्हणावं एखादा तेलुगू पिक्चर सबटायटल बंद करून बघा आणि 93 टक्के स्टोरी सांगा 😄

पण तुमच्या घरच्यांची तक्रार खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. कॅनडात जॅनेट बॅव्हलास आणि सहकाऱ्यांनी केलेला एक भारी प्रयोग आहे, 2000 साली छापून आलेला. एकाने आपल्यावर गुदरलेला, थोडक्यात वाचलो असा प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप काम दिलं की इंग्रजी टी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे कान पूर्ण उघडे, शब्द न शब्द टिपतायत, पण गोष्टीत नाहीत. तर झालं काय, सांगणाऱ्यांचंच सांगणं बिघडलं! ऐन थरारक शेवटाला येऊन अडखळायला लागले, तेच तेच परत सांगायला लागले, हा प्रसंग खरंच कसा बाका होता ते पटवत बसले. कारण समोरून ‘बापरे’ नाही, दचकणं नाही, भुवई उचलणं नाही. तुमच्या पाठ म्हणून दाखवण्यावर बायको का चिडते याचं उत्तर यात आहे बघा. तिने तुमची मेमरी चेक केलीच नव्हती.

आजोळ
तिरकी_रेघ, एक नंबर प्रतिसाद. आमच्या आजीला हे कुठल्या प्रयोगाशिवाय माहीत होतं. गोष्ट सांगताना ‘हूं’ म्हणायला एक जण नेमलेला असायचा, ‘हूं’ थांबलं की आजीची गोष्ट तिथंच थांबणार, राक्षस दारात उभा असला तरी. आणि पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात ते काय उगाच आहे का, ते काढून टाका आणि मग शाहिराला चढतंय का बघा.

कोयनाकाठ, तुमच्या आईला फोनवर तुमचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे तुमच्या ‘हं, बरं, मग?’ शिवाय तिच्याकडे दुसरं काहीच नाहीये. तुम्ही गप्प आणि लाईन कट झालेली, दोन्ही कानाला सारखंच लागतं!

रात्रपाळी
मी सरकारी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे, आमच्याकडे हा विषय रोजचाच.

ड्रेसिंग करताना विचारलं की गावाकडच्या आज्या हमखास म्हणतात “न्हाई, काय दुखत न्हाई”, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या मुठीत चादरीचं टोक घट्ट पिरगाळलेलं असतं, पायाची बोटं आत वळलेली. तोंडाकडे बघून काम केलं तर फसाल, मी आधी हाताकडे बघते. उलटंपण होतं. नातेवाईकांना गोळ्या समजावल्या आणि ‘समजलं का’ विचारलं की सगळ्यांच्या माना हलतात, डॉक्टर-सिस्टरसमोर ‘नाही समजलं’ कोण म्हणणार. म्हणून मी विचारते, “बरं आता घरी गेल्यावर कुठली गोळी कधी देणार ते मला सांगा.” तेव्हा कळतं की जेवणाआधीची आणि जेवणानंतरची एकत्रच देणार होते. म्हणजे मान हलली म्हणजे पोचलं असं नाही हो, नुसत्या देहबोलीवर जाऊ नका.

आणि मधे न बोलणं हा गुणच आहे तुमचा, तो सोडू नका. बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये अमेरिकेत मोजलं होतं, पेशंट तक्रार सांगायला लागला की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मधे बोलतात. आमच्या ओपीडीच्या गर्दीत कुणी मोजलं तर काय निघेल ते सांगत नाही, नोकरी करायची आहे 🙏

ऱ्हाइनकाठ
डुसेलडॉर्फमधून. ऑफिसच्या मुद्द्यावर लिहितो. आपली ती आडवी मान डोलवायची सवय (हो, बरं, कळलं, बघू, सगळं एकातच) इथल्या लोकांना अजिबात झेपत नाही, माझ्या टीमलीडने चक्क विचारलं होतं की हे होकार समजायचं का नकार. तेव्हापासून कॉलवर मी तोंडाने बोलतो, ‘कळलं, गुरुवारपर्यंत करतो’.

दुसरं म्हणजे बोलण्याची पाळी बदलताना मधे जो गॅप असतो तो फार छोटा असतो. 2009 साली दहा भाषांचा एकत्र अभ्यास आला होता, जपानी, डॅनिश वगैरे धरून, त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ सरासरी सेकंदाचा पाचवा भाग निघाला. व्हिडिओ कॉलवर नेट जरा अडकलं तरी त्याहून जास्त वेळ जातो आणि माणूस उगाच थंड वाटायला लागतो. त्यात तुमचा कॅमेरा बंद असेल, माइक म्यूट असेल, आणि स्वभाव तर गप्पच. मग मॅनेजरला नावाच्या अक्षराचा गोल दिसणार फक्त, तो तरी काय करणार. कॅमेरा चालू ठेवा, किंवा निदान चॅटमध्ये एखादी ओळ टाकत जा.

गुलबक्षी
आमच्या मुलाला ऐकू येत नाही, घरात साइन (हातांच्या खुणांची भाषा) चालते. आमच्याकडे नजर वळवली म्हणजे कान बंद केले. त्याला बोलवायचं तर खांद्यावर हात लावायचा नाहीतर लाइट चालू-बंद करायचा, आणि त्याने बघितल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. आम्ही प्रश्न विचारतोय की नुसतं सांगतोय हे तो भुवयांवरून ओळखतो, हात तेच असले तरी. त्यामुळे ‘बोलताना चेहऱ्याकडे बघ’ हे आमच्यासाठी मॅनर्स नाहीत, गरज आहे.

पण म्हणून तुम्ही बायकोच्या डोळ्यांत टक लावून बसा असं नाही म्हणणार मी. विचार करताना माणूस नजर बाजूला घेतोच. आणि आमच्या सासरी तर मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणं उद्धटपणात जमा आहे, खाली बघून ऐकायचं. बायकोला एकदा सरळ सांगून टाका की मी खिडकीकडे बघतो तेव्हाच सगळ्यात जास्त ऐकत असतो, फक्त महत्त्वाच्या जागी वळून बघा.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. आजोळ, फोनचा मुद्दा एकदम पटला. ते चादरीचं टोक वाचून थांबलो जरा. पण महत्त्वाची जागा कुठली हे कसं ओळखायचं?

रात्रपाळी
बोलता बोलता बायको हातातलं काम थांबवते ना, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, काय असेल ते, ती जागा. नाहीतर आवाज एकदम बारीक होतो, किंवा ‘जाऊ दे’ म्हणते. ‘जाऊ दे’ म्हटल्यावर तर अजिबात जाऊ देऊ नका, “नाही, सांग ना, मग ती काय म्हणाली” असं पुढचं विचारा. पुढचा प्रश्न विचारला की ऐकलं हे आपोआप कळतं, मागचं पाठ म्हणून दाखवायची गरजच पडत नाही.

पाव_वडा
माझा प्रॉब्लेम उलटा आहे. आमचे साहेब दर वाक्याला ‘राइट, राइट, अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणतात, मान पण डोलवतात, वहीत लिहून पण घेतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारतात “हे कधी बोललो आपण?” यावर कुणाकडे काय इलाज आहे का? मेलवर टाकून झालंय, मेल वाचत नाहीत.