विषय: पुढच्या कोळसा-सुनावणीसाठी मंडळाने काय करावं?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
नागपूरजवळच्या कोराडी इथल्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या २×६६० मेगावॉट विस्ताराची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली, कळमेश्वर तालुक्यातल्या गोंडखैरी कोळसा खाणीची त्याच वर्षी जुलैत. पुढची कधीही लागू शकते. माझा प्रस्ताव असा की आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाच्या गणेशोत्सवातून उरलेला निधी नागपूरच्या एखाद्या गटाला पाठवावा आणि आपण सगळ्यांनी एकच निवेदन सही करून धाडावं. मतं कळवा.

प्रेषक: खजिनदार
उत्तर: वरील

ताई, हेतू उत्तम, पण निधी पाठवायला माझा ठाम नकार आहे. मंडळ इथल्या कायद्याने नोंदवलेलं, म्हणजे भारताच्या लेखी आपण 'परकीय स्रोत'. २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या गटाच्या खात्यात आपला एक डॉलर जरी पडला, तरी निस्तरायचं त्यांना. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. 'मोठ्या संस्थेकडे देऊ, ती गावच्या समितीला देईल' ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद केली आहे.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची) धरतात. म्हणजे एकाच घरात नवऱ्याचे पैसे चालतील आणि बायकोचे चालणार नाहीत! माहिती अधिकाराचंही तसंच, अर्ज फक्त नागरिकाला करता येतो. आणि सुट्टीत जाऊन गावात 'सर्वेक्षण' करू म्हणणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं: संशोधन आणि पत्रकारितेसाठी ओसीआयधारकाला मार्च २०२१ पासून विशेष परवानगी लागते.

प्रेषक: सदस्य, काटोल रोड, नागपूर
उत्तर: वरील

खजिनदार साहेबांशी सहमत. इथं पैशापेक्षा प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल (ईआयए) वाचणाऱ्यांची वानवा आहे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी निघते. मराठीत मिळतो तो नुसता सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत, परिशिष्टांसकट शेकडो पानांचा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातलं प्रदूषण नियंत्रण मंडळ, इथे तो बघायला ठेवतात. सॉफ्ट कॉपी हाती आली की प्रकरणं वाटून घ्या. काय शोधायचं ते सांगतो.

हवा. 'बेसलाइन', म्हणजे प्रकल्पाआधीच्या हवेची मोजणी, बहुधा एकाच हंगामाची असते: बारा आठवडे, आठवड्यातून दोन नमुने, म्हणजे एका केंद्रावर २४ आकडे. महिने कोणते ते पहिल्यांदा बघा. मग वाऱ्याची दिशा दाखवणारी आकृती आणि केंद्रांचा नकाशा शेजारी ठेवा. वारा जिकडे वाहतो तिकडच्या गावात एकही केंद्र नसेल, तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच. पीएम १० ची (हवेतल्या बारीक धुळीची) तीन महिन्यांची सरासरी चोवीस तासांच्या १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या मर्यादेशी ताडून 'मर्यादेत' असा शेरा मारलेला असतो. वार्षिक मर्यादा ६० आहे, तिच्याशी ताडून विचारा. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा प्रदूषणाच्या गणितात दोन्हीकडचे चालू संच धरलेत का, हेही तपासा.

राख. हे गणित कुणालाही जमेल. नवे १३२० मेगावॉट (२×६६०) ८५ टक्के भाराने चालले तर वर्षाला सुमारे ९८३ कोटी युनिट. युनिटमागे ०.६२ किलो कोळसा धरा, ६१ लाख टन होतो. त्यात ३५ टक्के राख म्हणजे २१ लाख टन, दर वर्षी. अहवालात 'शंभर टक्के राखेचा वापर' असं लिहिलेलं असतं. कोणता सिमेंट कारखाना, किती टन, करार कुठे आहे, हे मागा. जुलै २०२२ च्या पावसात कोराडीचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटून राख शेतांत पसरली. म्हणून बंधाऱ्याचं डिझाइन किती पाऊस धरून केलंय, सांडवा केवढा आहे आणि फुटला तर राख कुठवर जाईल याचा नकाशा, या तिन्ही गोष्टी लेखी मागायच्या.

पाण्याचं गणितही असंच. दर मेगावॉट-तासाला ३ घनमीटर धरलं तर वर्षाला साधारण २९.५ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ते पेंच धरणातून की महापालिकेच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून, आणि एप्रिल-मेमध्ये काय, ते आकड्यांत विचारा. खाण भूमिगत असेल तर भर विहिरींवर द्या: कोणत्या विहिरी मोजल्या, पावसाळ्याआधी आणि नंतर पातळी किती होती, खाणीतला उपसा सुरू झाल्यावर कुठवर पाणी उतरेल.

निवेदन एकच नको हो, ताई. शंभर जणांनी एकच मजकूर धाडला की कंपनीच्या उत्तराच्या तक्त्यात त्याची एक ओळ होते. प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यावा, पान आणि तक्ता क्रमांक द्यावा, शेवटी एक स्पष्ट मागणी. प्रकल्पाच्या परिसरात वडिलोपार्जित शेती असेल तर गाव आणि गट नंबर लिहा, नाहीतर 'तुमचा संबंध काय' म्हणून बाजूला पडतं. ईमेल तर कराच, पण घरच्या कुणाच्या हाती प्रदूषण नियंत्रण मंडळात दोन प्रतीही पाठवा: एक तिथे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नसलेला कागद दिला काय नि न दिला काय.

बहिष्काराचा विचार कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही; मंडप रिकामा असला तरी ती झालीच. चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. खरी गळती तिथे. भर उन्हात सकाळपासून बसलेली माणसं तोवर एसटी पकडायला निघून गेलेली असतात. आपला मुद्दा गाळलाय हे तिथल्या तिथे उठून सांगायला चार जण थांबले पाहिजेत.

त्यानंतर परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीचं सरकारी संकेतस्थळ) तज्ज्ञ समितीची विषयपत्रिका बघत राहायची. हे काम तुम्ही तिकडून नीट कराल. मंजुरी निघाली की हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढे दार बंद.

प्रेषक: सचिव
उत्तर: वरील

निधीचा प्रस्ताव मागे घेते. वाचनगटासाठी नावं पाठवा. दादा, आणखी एक: आपल्यापैकी बऱ्याच जणांची नागपुरात घरं आहेत. त्या छपरांवर सोलर घालायचं तर?

प्रेषक: सदस्य, काटोल रोड, नागपूर
उत्तर: वरील

जरूर घाला. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि ३ किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. अडतं ते नावावर. महावितरणचं बिल अजून आजोबांच्या नावाने येत असतं. ते आधी बदलून घ्या, मगच अर्ज करा. आणि मे महिन्यात उत्पादन घटलं म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. पॅनल ६५ अंशांवर तापलं की क्षमता साधारण चौदा टक्क्यांनी उतरते. कोराडी रोडला घर असेल तर पॅनल पुसायला माणूस लावूनच ठेवा.