ऑनलाइन तासाला कॅमेऱ्याची सक्ती हवी का?

संख्याशास्त्रवाला: आमच्या कॉलेजात पुन्हा फतवा निघालाय: कॅमेरा बंद असेल तर हजेरी नाही. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करायची मुभा दिलीय, तेव्हा ऑनलाइन शिक्षण आता कुठे जात नाही. पण चेहरा दिसतोय म्हणजे मुलगा ऐकतोय, हा गोड गैरसमज आहे. "काही शंका?" विचारलं की शांतता ठरलेली. त्यापेक्षा मी विचारतो, "प्रत्येक निरीक्षणात ५ मिळवले, तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, कितीने वाढेल? उत्तर टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका." मग सगळी उत्तरं एकदम पडतात, नक्कल करायला वावच नाही. बरेच जण ५ लिहितात. उत्तर शून्य, कारण सगळे आकडे सारखेच सरकले, विखुरणं तेवढंच राहिलं. घोडं कुठे अडलंय ते कळलं, तिथूनच पुन्हा शिकवायचं.

खडूफळा: साफ असहमत. मी मराठी शिकवते. कवितेचं उत्तर आकड्यात कसं मागू? एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की मी ओळ परत वाचते. काळ्या चौकोनांना आठ्या पडत नाहीत.

एसवायबीएस्सी: मॅडम, रोजच्या दीड जीबीत चार तास व्हिडिओ चालत नाही. आणि मागे घरचे वावरत असतात.

खडूफळा: मग अडचण असेल त्याला सूट देऊ. फक्त आठवड्याभरात ती अडचण अख्ख्या वर्गाला येते, हे तुलाही ठाऊक आहे!

संख्याशास्त्रवाला: सूट मागायची म्हणजे घरची परिस्थिती सांगत बसायची. ज्याला खरी गरज, तोच मागत नाही. कवितेला पाच-पाच जणांचे गट करा, माइक चालू ठेवा.

खडूफळा: साठ जणांचे बारा गट, तास ४८ मिनिटांचा. मी एकटी कुठे कुठे फिरू?

नाशिककर: आमच्या नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे की. रोज चेहरे न बघताही लोक पदवीधर झालेच.

खडूफळा: तिथेही अभ्यासकेंद्रं आहेत, समोरासमोर बसवतातच. बरं, हजेरीतून कॅमेरा काढा, हरकत नाही. तोंडी परीक्षेला मात्र मी लावायला सांगणारच.

एसवायबीएस्सी: तोंडीला चालेल. फक्त वेळ आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. रात्री अकराला ग्रुपवर सात मिनिटांची व्हॉइस नोट नको. ती ऐकतंच नाही कुणी.